मीनाचा डावा पाय

"आणि गोळ्या नेमक्या कधी सुरू झाल्या?" असं त्या मुलीनं विचारलं तेव्हा सावळाराम भेरेला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. मुलगी म्हणजे डॉक्टर होती, शाल्मली कर्णिक नावाची, मुंबईच्या कुठल्याशा संशोधन करणाऱ्या संस्थेतून आलेली. पण भेरेच्या हिशेबी तिशीच्या आतलं कोणीही पोरच. आटगावला त्याच्या पडवीत ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, मांडीवर छापील फॉर्म, आणि हा चटकन बोलून गेला, "दोन नोव्हेंबर ब्याण्णव. सोमवार होता." रिटायर होऊन अडीच वर्षं झाली होती आणि एवढ्या दिवसांत त्याला कोणी एक तारीख विचारली नव्हती. एकतीस वर्षं आरोग्य सेवक म्हणून त्यानं मुरबाडच्या डोंगराखालच्या वाड्या पायाखाली घातल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत हिवतापाच्या काचपट्ट्या, ओआरएसच्या पुड्या आणि फिटच्या पांढऱ्या गोळ्या. वाडीत शिरला तर कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत. कोणाला काय, कधी, किती दिलं ते त्याला तारीखवार पाठ होतं. मुलीनं तारीख लिहिली, मान डोलावली आणि पुढचं वाचलं. पहिली फिट कधी आली? त्याच्या आधी डोकं दुखायचं का? सकाळी उलट्या? चालण्यात काही फरक? भेरे थबकला. "हे आधीचं कशाला विचारता, मॅडम?" "आधी काय आणि नंतर काय, तेच तर शोधतोय," ती म्हणाली. "ह्या ज्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आहेत ना, बार्बिच्युरेट म्हणतात, त्यांचा आणि मेंदूतल्या गाठींचा काही संबंध आहे का, हा जुना वाद आहे. गाठ झालेल्या मुलांतल्या बऱ्याच जणांनी आधी ह्या गोळ्या घेतलेल्या, असं मागे काहींना आढळलं होतं. तुमची मीना वाळू मेंगाळ आमच्या यादीत आहे." एसटीचा टाइम सांगावा इतक्या सरळ आवाजात ती हे बोलली, आणि जनानं, भेरेच्या बायकोनं, पुढं केलेला चहा तिनं घेतला.

तुमची मीना. भेरेनं बशी खाली ठेवली ती अर्धी चटईवर, अर्धी लादीवर, आणि चहा सांडला. त्याला एकदम आपला उजवा हात दिसला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा, गुडघ्यावर पडलेला, अंगठा आणि पहिलं बोट जुळवलेलं. गोळी धरायची ती तऱ्हा. मीनाची पहिली गोळी त्यानं स्वतः तिच्या जिभेवर ठेवली होती, आईच्या हातात दिली नव्हती. पहिली गोळी आपण द्यायची हा त्याचा रिवाज. सात वर्षांची पोर, गोळी कडू लागली तशी तिनं त्याच्या बोटाला कडकडून चावा घेतला आणि जमलेली सगळी वाडी हसली. त्या चाव्याची जागा आता हुळहुळायला लागली. म्हणजे मी तिला काय चारलं? सहा वर्षं, रोज रात्री एक, मग दोन, मग तीन? "काका, बुधवारी मी उंबरवाडीला जातेय, तिच्या आईवडिलांना भेटायला," मुलगी फॉर्म आवरत म्हणाली, "तुम्ही याल ना? तुमच्याशिवाय ती माणसं बोलायची नाहीत." "येतो की," तो म्हणाला. नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

मुलगी गेली आणि तो तसाच पडवीत बसून राहिला. जनानं लादी पुसली, दोनदा विचारलं काय झालं म्हणून, आणि उत्तर नाही म्हटल्यावर, "बसा मग देवासारखे," म्हणून आत गेली. त्याच्या डोळ्यांपुढं उंबरवाडी होती. सिद्धगडाच्या पायथ्याला ठाकरांची तीसेक घरं, त्यातलं वाळू आणि गंगीचं टोकाचं. मीना शेरडांमागं गेली असताना पहिल्यांदा पडली; तोंडाला फेस, डोळे पांढरे. कोणी नाकाला वहाण लावली, कोणी कांदा. दुसऱ्या दिवशी तिला चांगो भगताकडं नेली. ह्या चांगोशी भेरेचं जुनं हाडवैर होतं, कारण गोवर आला की आधी चांगो आणि मग भेरे, साप चावला की आधी चांगो आणि मग भेरे, आणि 'मग' येईपर्यंत माणूस पुष्कळदा संपलेलं असे. पण ह्या खेपेला अजब झालं. चांगोनं पोरीवरून नारळ फिरवला, तिला चालायला लावली, बराच वेळ बघत बसला, आणि नारळ वाळूच्या हातात परत दिला. "ह्ये माझ्याकडलं नाय रे. पोरीच्या डोक्यात कायतरी बसलंय. माझ्यानं उठायचं नाय. मोठ्या दवाखान्यात ने, ममईला." बिचारा वाळू नारळ घेऊनच उपकेंद्रावर आला. भेरे पोट धरून हसला होता. "आता भगत डागदर झाला का रे? आणि ममईला जाऊन काय करशील? कल्याणला रस्ता ओलांडताना तुझी फे फे उडते. माझ्याकडं गोळी हाय ना!" तो नारळ तिथंच फोडला, सगळ्यांनी खाल्ला. दवाखान्याचा डॉक्टर दर वर्षी नवा असायचा; त्यानं कागदावर गोळी लिहून दिली आणि म्हणाला, भेरे, पुढचं तुम्हीच बघा. भेरेनं बघितलं. शहापूरला, मुरबाडला, जिथं म्हणून ट्रेनिंग असेल तिथं हा गडी उभा राहून ती हकीकत सांगायचा: भगतानं हात टेकले, नारळ परत दिला, आणि पोरगी गोळीवर आली. टाळ्या पडायच्या. आपल्या उपकेंद्राचा एकही फिटचा पेशंट गोळी सोडत नाही, ह्याची त्याला भारी शेखी होती, आणि ती खरीही होती.

नाहीतरी एखाद्या माणसाला एकच गोष्ट नीट येत असली की तो जगातलं सगळं त्याच गोष्टीत बसवतो. भेरेला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की ह्या गोळीनं गुंगी येते, पोर पेंगतं, चालताना झोकांड्या जातात, आया घाबरतात आणि गोळी बंद करतात, त्यांना समजवायचं. त्यानं ते असं काही पाठ केलं होतं की झोपेत विचारलं तरी सांगावं. मीना शाळेत पेंगायला लागली. गंगी बाजाराच्या दिवशी गोळ्या न्यायला धसईला आली, सगळ्या बायांच्या मागं उभी राहून म्हणाली, "दादा, पोर निजूनच ऱ्हाते." गुंगी आहे गोळीची. "दादा, सकाळी उठली का वकते." रिकाम्या पोटी गोळी घेत असेल, भाकर खाऊन दे. "दादा, हातातली वाटी पडते." गुंगी. "दादा, चालताना पाय वढते." अगो, गुंगी आहे म्हणून सांगितलं ना, एकदा सांगून कळत नाय का तुला! तेव्हा गंगीनं खाली बघून, अगदी हळू, एक वाक्य म्हटलं होतं आणि ते भेरेला आज पडवीत बसल्या बसल्या लख्ख ऐकू आलं: "येकच वढते, दादा. डावा." त्यावर त्यानं काय केलं होतं? त्यानं पुडी बांधली, पुढच्या बाईला हाक मारली. फिट वाढल्या तशा त्यानं गोळ्या वाढवल्या, आणि पोर आणखी पेंगायला लागली तेव्हा त्याला बरंच वाटलं. गोळी लागू पडतेय.

आणि मग अठ्ठ्याण्णवच्या आवणीत ते बारा दिवस. गंगी भातलावणीच्या मजुरीला किन्हवलीकडं गेली, पोरीला बरोबर घेऊन. ओढे भरले, बाजाराला येता आलं नाही, गोळ्या संपल्या. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मीनाला जी फिट आली ती थांबेचना. मुरबाड, कल्याण, मग मुंबईचा मोठा दवाखाना. चौथ्या दिवशी भेरे भेटायला गेला तेव्हा पोरीचं डोकं भादरलेलं होतं आणि एका घाईतल्या डॉक्टरनं त्याला दहा शब्दांत सांगितलं: मेंदूत गाठ आहे, फार मोठी झालीय, आता हात लावून उपयोग नाही. बाहेरच्या बाकड्याशी वाळू उभा होता. "दादा, गोळी चालू असून असं कसं झालं?" तो विचारत होता, साधंच विचारत होता, त्यात आरोप नव्हता. पण आपल्या गोळीवर, आपल्या इतक्या वर्षांच्या कामावर कोणी बोट ठेवतंय असं भेरेला वाटलं, आणि तो तडकून म्हणाला, "चालू कुठं होती? बारा दिवस चुकवली हिनं! त्या गोळीनंच तर गाठ झोपवून ठेवली होती. गोळी बंद झाली, गाठ जागी झाली." हे त्यानं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, कोणा डॉक्टरकडून ऐकलं नव्हतं. तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर त्यालाच पटलं. गंगी भिंतीला टेकून खाली बसली होती. तिनं मान वर केली नाही. दहा दिवसांनी मीना गेली, तेरा वर्षांची.

तेव्हापासून वाळू गंगीशी बोलत नाही. मारलं नाही, टाकलं नाही, दुसरी केली नाही. फक्त बोलत नाही. एकाच घरात राहतात, तिच्या हातचं खातो, पाणी हवं असलं की भिंतीकडं बघून म्हणतो, "घरात कोनी हाय का? पानी द्या." घरात तीच असते. भेरेनं हे आपल्या कानांनी ऐकलं होतं, नोकरीच्या शेवटच्या वर्षी, आणि त्याला वाईट वाटलं होतं, पण ते कसं, तर दुसऱ्याच्या घरातल्या भांडणाचं वाटतं तसं. आता पडवीत संध्याकाळ होत आली आणि त्याला कळलं की पाच वर्षं ती बाई त्याच्या एका वाक्याखाली जगतेय. ते वाक्य तर तो त्या बाकड्याशी भ्यायल्यामुळं बोलला होता.

मंगळवारचा दिवस त्यानं कसा काढला ते त्याचं त्याला ठाऊक. जेवला नाही असं नाही. जेवला, पण कशाशी जेवला ते सांगता आलं नसतं. एवढी गाठ त्या गोळीनंच वाढवली असेल तर आपण विष चारलं, पोरीनं चावून सांगितलं तरी चारलं. असं घोळवता घोळवता दुपारी त्याच्या मनात एक चमत्कारिक गोष्ट आली, आणि ती आली तशी त्याला जरा श्वास घेता आला. गोळीच वाईट असेल तर तो काय करणार? गोळी सरकारची, लिहून दिली डॉक्टरनं. तो नुसता हात. आणि गोळीच वाईट असेल तर गंगीनं बारा दिवस चुकवली ती चूक नव्हेच! उलट बारा दिवस तिनं पोरीला जपलं. तो वाळूला जाऊन सांगेल: तुझ्या बायकोनं नाही मारली, आम्ही सगळ्यांनी मारली, सरकारनं, डॉक्टरनं, मी. सगळ्यांमध्ये वाटून घेतलं की आपल्या वाट्याला कितीसं येतं. संध्याकाळपर्यंत त्याला त्या गोळीचा दोष हवाहवासा वाटायला लागला. म्हातारपणी माणूस काय काय मागतो देवाकडं! गोळीनंच झालं असू दे, असं तो अंघोळीच्या दगडावर उभा राहून खरोखर पुटपुटला.

बुधवारी सकाळी मुलगी भाड्याची जीप घेऊन आली. किन्हवली, सरळगाव, मग उजाड शेतं, कुठंकुठं वालाचे वाळलेले वेल. मार्च संपत आला होता. मुलगी बोलकी होती. कोणती मुलं, कोणत्या तालुक्यातली, कोणाचे कागद मिळतात, कोणाचे नाही. भेरे खिडकीतून बघत राहिला. ह्या रस्त्यावर त्याचे पाय झिजले होते आणि आता एकही झाड ओळखीचं वाटत नव्हतं. धसई मागं पडल्यावर त्यानं एकदाच विचारलं, "मॅडम, मग काय दिसतंय तुमच्या कागदांत? गोळीनंच होतं ना?" "आज मीनाच्या आईशी बोलू, मग सांगते," ती म्हणाली. "मी आधीच काही बोलले तर तुम्ही तेच तिच्याकडून काढून घ्याल." ती हसली. भेरेही हसला आणि खिडकीकडं वळला, कारण पोरगी खरं बोलत होती.

अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, गोड आंबूस वास सगळीकडं. गंगी खाली बसून फुलं निवडत होती. भेरेला बघून उठली, पदर सारखा केला, "या दादा," म्हणाली. पाच वर्षांत बाई वाळून काटकी झाली होती. घरामागं वाळू बांबूच्या कामट्या काढत बसला होता, तोही आला, रामराम केला, बाजली टाकली, आणि मुलीनं प्यायला मागितलं तेव्हा दाराकडं तोंड करून म्हणाला, "घरात कोनी हाय का? पाव्हन्यांला पानी द्या." गंगी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. मुलीनं भेरेकडं बघितलं. भेरेनं बाजेची दोरी बघितली. मग वाळू पुन्हा आपल्या कामट्यांकडं गेला.

फॉर्म सुरू झाला. गंगी एकेका प्रश्नाला उशीर लावत होती, आठवून आठवून. मुलगी विचारायची, भेरे वाडीच्या बोलीत सांगायचा, आणि सांगताना त्याचा आवाज त्यालाच परका वाटायचा. पोरीच्या वेळेला दिवस असताना कसली औषधं? नाय. घरात कोणाला फिट? नाय. गोळ्या कधी? दिवाळीच्या माघारी. "आणि त्याच्या आधी, पहिली फिट यायच्याही आधी, काही जाणवलं होतं का?" भेरेनं विचारलं तसं गंगीनं हातातली फुलं खाली ठेवली. "व्हतं ना," ती म्हणाली. "त्या सालचा पाऊस लागल्यापास्नं डोस्कं धरायची. आई, हितं दुखतं, हितं. शेरडांमागनं यायची ती डाव्या पायाची वहान घासून यायची. दुसरी वहान नवी आन ही घासलेली. म्या याला दावली पन." तिनं मानेनं घरामागं खूण केली. "आन मागनं दादांना बोलली व्हती." ती भेरेकडं बघत नव्हती, तक्रार करत नव्हती, विचारलं म्हणून सांगत होती. मुलीनं लिहून घेतलं: डोकेदुखी, डावा पाय, जून ब्याण्णवपासून, गोळ्या नोव्हेंबर ब्याण्णव. दोन तारखांच्या मध्ये तिनं पेन्सिलनं एक बाण काढला. भेरेला तिचं अक्षर नीट वाचता आलं नाही, पण तो बाण त्यानं बघितला.

निघताना गंगीनं भेरेला एवढंच विचारलं, "दादा, बाई काय बोलते? ते बारा दिवस लिवले का तिनं?" "विचारतो," तो म्हणाला. जीप खाली ओढ्याशी उभी होती. उतरणीवर मुलगी पुढं, हा मागं. अर्ध्या वाटेवर त्याला राहवलं नाही. "मॅडम, आता तरी सांगा." ती थांबली, उन्हासाठी कपाळावर हात धरला. "काका, तुम्ही सोमवारपासून जीव टांगणीला लावून बसलायत ना? मला दिसतंय. नका लावू. गोळीनं गाठ होत नाही, निदान आमच्याकडच्या मुलांत तरी तसं दिसत नाही. उलटंच आहे. गाठ आधीपासून असते, गाठीमुळे फिट येते, आणि फिट येते म्हणून गोळी सुरू होते. मग कागदावर बघणाऱ्याला वाटतं आधी गोळी, मग गाठ. मीनाचंच बघा ना, पाय आधी ओढायला लागला. तुमच्या गोळीनं काही केलेलं नाही." हे तिनं त्याच्या समाधानासाठी सांगितलं, आणि चांगल्या मनानं सांगितलं.

"आणि ते बारा दिवस?" भेरेनं विचारलं. "गोळी एकदम बंद झाली तर फिट जोरात येऊ शकते," ती म्हणाली. "पण गाठीला त्याचं काय? गाठ गोळीनं झोपतही नाही नि जागीही होत नाही. सहा वर्षं ती वाढतच होती." त्याला आपला आवाज लांबून आला, "सहा वर्षं म्हणजे हळू वाढणारी." "हो, तिच्या कागदांत आहे तसं. वेळेवर स्कॅन झाला असता तर बहुधा काढता आली असती." मग तिला काय झालं कोण जाणे, तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि घाईघाईनं म्हणाली, "पण त्या वेळी तुम्हाला काय कळणार, काका? गोळीच्या गुंगीनंही पोरं अशीच चालतात. आणि इथे स्कॅन कुठे होता?" "मुंबईला होता," भेरे म्हणाला.

गुंगी दोन्ही पायांना येते. एवढं साधं होतं. त्यासाठी शिक्षण लागत नाही, स्कॅन लागत नाही; चांगो भगताला चालायला लावून कळलं, गंगीला वहाणेवरून कळलं, आणि ज्याला ट्रेनिंग दिलं होतं त्याला तेवढं कळलं नाही. कळलं नाही? की कळून घ्यायचं नव्हतं? ममईला पाठवली असती तर पोरगी त्याच्या गोळीवरून उठून दुसऱ्याच्या हाताखाली गेली असती आणि भगताचं खरं झालं असतं. गोळीनं झालं नाही म्हणजे आता वाटून घ्यायला सरकार नाही, दवाखाना नाही, कोणी नाही. कालपर्यंत मागितलेली ती भीक देवानं दिली नाही हे त्याला तिथं ओढ्याच्या वर उभं असताना कळलं. तो दगडावर बसला. खाली ड्रायव्हर गाडी पुसत होता. निघून जाता आलं असतं. गंगीला कोण काय सांगणार होतं? मुलीनं फॉर्म भरला, मुलगी मुंबईला जाणार, आणि ती दोघं होती तशी राहणार. पाच वर्षं राहिली, आणखी राहतील. माणसाला कशाचीही सवय होते. हा विचार त्यानं केला, पुरा केला, आणि त्याला स्वतःची किळस आली. "तुम्ही बसा गाडीत," तो मुलीला म्हणाला, "मी आलोच."

वर जाताना त्यानं वाक्यं जुळवली होती. अंगणात पोचेपर्यंत त्यातलं एकही उरलं नाही. "गंगे," तो उभ्या उभ्याच म्हणाला, "बारा दिवसांनी काय झालं नाय. गाठ आधीच होती, गोळीच्या पन आधी. तू सांगत होतीस पाय ओढते, मी बोललो गुंगी. भगत बोलला ममईला न्या, मी हसलो. नेली असती तर... चूक माझी हाय गो. तुझी कवाच नव्हती." बोलता बोलता तो तिच्यापुढं, साठीचा माणूस, लहान पोरासारखा रडायला लागला. गंगी रडली नाही. तिनं त्याला उगी म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. हातांना लागलेला मोहाचा चिकटा पदराला पुसला. मग ती म्हणाली, "मला कशाला सांगता, दादा? पाय वढते ह्ये मला ठावंच व्हतं, म्या तर आई." आणि मानेनं घरामागं खूण करून, "त्याला सांगा."

वाळू पाय पसरून बसला होता, मांडीवर फडकं, हातात कोयती, बाजूला कामट्यांचा ढीग. भेरे त्याच्यासमोर मातीत बसला आणि त्यानं सगळं सांगितलं, नारळापासून दवाखान्यातल्या बाकड्यापर्यंत. काही लपवलं नाही. आपण भ्यालो होतो हेही सांगितलं. सांगताना तो वाट बघत होता की ही कोयती आता कुठल्या तरी क्षणी आपल्या अंगावर येईल, निदान एक सणसणीत शिवी येईल, आणि खरं सांगायचं तर त्याला ती हवी होती. वाळूचे हात पहिल्या दोन वाक्यांतच थांबले होते. तो भेरेकडं बघतच नव्हता. घराच्या कोपऱ्यापलीकडं, जिथून अंगणाचा एवढासा तुकडा दिसत होता, तिकडं बघत होता. गंगी पुन्हा खाली बसून फुलं निवडायला लागली होती, तिची पाठ दिसत होती.

"ती वहान तिनं मला दावली व्हती," वाळू म्हणाला. भेरेनं डोळे पुसले. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "वाळू, तू तिच्याशी बोल आता. आजच बोल."

वाळूनं कोयती हळूच जमिनीवर ठेवली. "पाच वर्सं बोललो नाय, दादा," तो म्हणाला, आणि आता पहिल्यांदा त्यानं भेरेकडं बघितलं. दुखण्याचं कुणी काही विचारायला आलं की वाडीतली माणसं त्याच्याकडं अशीच बघायची, हा सांगेल म्हणून. "तुमी सांगा. आता काय बोलू?"